सिनेमा शिकायला जवळचं कॉलेज पुरेल का?

ऐरोलीच्या एका गृहस्थांनी विचारलंय. मुलगी कॉमर्समधून बारावी झाली, तिला फिल्म आणि व्हिडिओ प्रॉडक्शन शिकायचंय. ठाण्या-नवी मुंबईतल्या कॉलेजात तीन वर्षांची पदवी करावी, की कर्ज काढून अंधेरी-गोरेगावकडच्या खासगी इन्स्टिट्यूटमध्ये घालावं? जोडीला दोन उपप्रश्न आहेत. आत्ताच कॅमेरा घेऊन द्यावा का? आणि ‘मुलीच्या जातीला’ हे क्षेत्र कसं?

मी एडिटर आहे, ठाण्यात राहते. मालिका, जाहिराती, माहितीपट असं बरंच काही कापलंय, आणि इथल्या कॉलेजांत व्हिजिटिंग म्हणून शिकवायला जाते. त्यामुळे मला जे दिसतं ते एडिटच्या टेबलावरून दिसतं. कॅमेरामनला विचारलंत तर तो आणखी काही सांगेल.

माझं उत्तर सरळ आहे. जवळच्या कॉलेजात घाला, कर्ज काढू नका. फक्त कॉलेज नीट पारखून घ्या, आणि घरबसल्या वाचलेले पैसे व वेळ फिल्म करण्यावर खर्च होऊ द्या. दुसरं काही न करता नुसतं वर्गात बसून पदवी घेतली, तर जवळचं कॉलेज काय आणि लांबचं काय, दोन्ही फुकट.

सगळ्यात आधी फॉर्मवर कोर्सचं पूर्ण नाव वाचा. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत ‘मीडिया’ म्हणून जो सगळीकडे दिसतो तो बी.ए.एम.एम.सी., म्हणजे पूर्वीचा बी.एम.एम. त्याचा मूळ पिंड पत्रकारिता आणि जाहिरात हा आहे. कॅमेरा-एडिटिंगचे विषय त्यात येतात, पण तोंडी लावण्यापुरते. ज्याच्या नावातच सिनेमा आहे तो कोर्स वेगळा: बी.ए. इन फिल्म, टेलिव्हिजन अँड न्यू मीडिया प्रोडक्शन. तो मोजक्याच कॉलेजांत चालतो. तुमच्या टप्प्यात तो मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी बी.ए.एम.एम.सी. टाकाऊ नाही, फक्त तिथे प्रॉडक्शन मुलीला स्वतःच्या हिमतीवर शिकावं लागेल हे आधीच ठाऊक असू द्या. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांची मांडणी बदलली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं, आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला क्रेडिट मिळतं. त्या क्रेडिटसाठी कॉलेज मुलांना कुठे पाठवतं, हे तोंडावर विचारा. ‘मुलं आपापलं शोधतात’ असं उत्तर आलं तर त्यातून काय समजायचं ते समजा.

आता कॉलेज पारखायचं कसं. माहितीपत्रकावर कॅमेऱ्याचा झकपक फोटो असतोच, त्याकडे बघू नका. कॅमेरा कपाटाबाहेर किती वेळा येतो ते बघा. प्रत्येक कॉलेजात सामान देण्या-घेण्याचं एक रजिस्टर असतं. ते दाखवा म्हणावं. त्यात मुलांची नावं, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ, सही असं भरभरून असेल, पानं मळलेली असतील, तर ते कॉलेज चांगलं. रजिस्टर कोरं करकरीत असेल तर कॅमेरा शोभेचा आहे. एक फार खरी अडचण सांगते. कपाटाची चावी एका सरांकडे असते आणि सर साडेचारला निघतात. हिवाळ्यात उजेड सोनेरी होतो तो पाच ते सहामध्ये. म्हणजे दिवसातला सगळ्यात सुंदर तासभर कॅमेरा कुलपात! शनिवार-रविवारी सामान घरी नेऊ देतात का, हा प्रश्न फीपेक्षा महत्त्वाचा आहे.

लेन्सही बघायला मागा. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, बंद कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते. मोबाइलची टॉर्च एका बाजूने लेन्समधून मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा दिसल्या तर ती लेन्स बरेच महिने कुणी बाहेर काढलेली नाही. ज्या कॉलेजात ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट आहे, निदान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवल्या आहेत, तिथे कुणीतरी जीव लावणारं माणूस आहे. त्या माणसाचं नाव विचारून ठेवा. कॉलेज म्हणजे शेवटी तोच.

एडिट लॅब दुपारी चारच्या सुमारास बघा, सकाळी पाहुण्यांसाठी उघडतात तेव्हा नव्हे. मुलं बसलेली आहेत का? मशिनवर काय उघडं आहे? मग गेल्या वर्षीच्या शेवटच्या वर्गाच्या दोन-तीन फिल्म मागा आणि शेवटची श्रेयनामावली नीट वाचा. दिग्दर्शक, लेखक, अभिनेता, एडिटर सगळीकडे एकच नाव असेल, तर त्या वर्गात एकाने फिल्म केली आणि बाकीच्यांनी मार्क घेतले. साउंडसमोर कुणाचंच नाव नसेल, तर तिथे साउंड शिकवतच नाहीत.

साउंडचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबते, कारण मुलांच्या फिल्म मरतात त्या इथे. चित्र थोडं हललं, काळोखं झालं तर प्रेक्षक चालवून घेतो. संवाद ऐकू आला नाही की तो उठतो. तुमच्या ऐरोलीच्याच फ्लॅटमध्ये आई-मुलीचा साधा प्रसंग शूट करायचा म्हणा. पंखा बंद करावा लागतो, हे सगळ्यांना कळतं. फ्रिज कुणाच्या लक्षात येत नाही. त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो, मध्येच बंद पडतो, आणि एडिटमध्ये दोन शॉट जोडले की मागची घरघर एका वाक्यात आहे, पुढच्या वाक्यात नाही. म्हणून फ्रिज बंद करायचा आणि बंद करताना घराची किंवा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय निघता येत नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा चालू करायचं राहत नाही, दूध नासत नाही. नव्या इमारतींत फरशी आणि मोकळ्या भिंती, त्यामुळे आवाज घुमतो. फ्रेमच्या बाहेर जमिनीवर सतरंजी पसरा, खिडकीवर गोधडी टांगा, निम्मं काम होतं. बूम म्हणजे माइक नटाच्या डोक्यावर धरायची लांब काठी. तीही महागडी नको. रंगारी रोलरला लावतात तो लांब होणारा दांडा पुरतो. माइक तोंडाच्या जितका जवळ नेता येईल तितका, फ्रेमच्या कडेला टेकेपर्यंत न्यायचा. रेकॉर्डरवर आवाजाची पातळी अशी ठेवायची की मोठ्यातलं मोठं वाक्य उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. ट्रान्सहार्बरची गाडी गेली की थांबायचं. आणि प्रसंग संपला की सगळ्यांनी मुकाट्याने उभं राहून अर्धा-एक मिनिट त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. याला रूम टोन म्हणतात. वाक्यांमधल्या फटी आम्ही त्यानेच बुजवतो. नवखी मुलं नेमकं हेच विसरतात, कारण तोवर वडापाव आलेले असतात.

चित्राच्या बाजूने वारंवार दिसणारी चूकही सांगते. मोबाइलवर बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेम हे आधीच लावलेलं असतं आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, १/६० सेकंद किंवा तसंच काहीतरी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. हा हिशेब शटरशी जुळला नाही की भिंतीवर काळे पट्टे सरकत राहतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की पट्टे गायब. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, आणि तरीही तिसऱ्या वर्षाच्या फिल्ममध्ये मला पट्टे दिसतात.

इन्स्टिट्यूटबद्दलही न्यायाने बोलायला हवं. गोरेगावच्या चित्रनगरीत व्हिसलिंग वूड्स आहे. तिथल्यासारख्या सोयी आपल्या कॉलेजांना जमणं अवघड. ऐपत असेल, कर्ज लागणार नसेल, तर जरूर जा. पण गल्लोगल्ली उगवलेल्या ज्या ‘फिल्म अकॅडमी’ असतात, त्यांची पदवी कुठल्या विद्यापीठाची, ते विद्यापीठ यूजीसी-मान्य आहे का, की हातात नुसता त्यांचाच छापील डिप्लोमा पडणार, हे लेखी घ्या. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ अशी पाटी दिसली तर मी जिना उतरते. या धंद्यात प्लेसमेंट अशी गोष्ट फारशी नसते. एका कामात नीट वागलं की दुसऱ्या कामाला बोलावतात, एवढंच. आणि कर्जाला माझा विरोध आहे तो साध्या हिशेबाने. सुरुवातीची काही वर्षं कमाई सलग नसते. मालिकांच्या धंद्यात केलेल्या कामाचे पैसे ९० दिवसांनी, ही जुनी रीत आहे. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. हप्त्याच्या दबावाखाली पोरं मिळेल ते काम धरतात, आणि जे शिकायला आलो होतो ते राहूनच जातं.

शिवाय ऐरोलीहून अंधेरीला रोज जायचं म्हणजे ठाणं, घाटकोपर, मेट्रो, आणि पुढे रिक्षा. दिवसाचे तीन तास त्यातच जातात. जवळच्या कॉलेजातली मुलगी तेवढ्या वेळात काम करू शकते, आणि काम इथे आहे. घोडबंदर रोडवर मालिकांचे सेट आहेत. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या मालिकेवर सगळ्यात खालची असिस्टंट म्हणून उभी राहिली तर तिला क्लॅप द्यायला, कन्टिन्युइटी लिहायला, कलाकार कोणत्या कपड्यांत होता ते लक्षात ठेवायला सांगतील. ग्लॅमर शून्य. पण नऊ ते नऊची शिफ्ट म्हणजे काय, कॉलशीट, म्हणजे कुणी किती वाजता कुठे यायचं तो कागद, कसा वाचतात, स्पॉटदादा, मेकअपदादा, ड्रेसदादा यांच्याशी कसं बोलायचं, लाइटमन ‘कटर’ मागतो म्हणजे काय मागतो, हे वर्गात कुणी शिकवू शकत नाही. सेटवर सगळ्यांना ‘दादा-ताई’ म्हणतात ते उगाच नाही. त्या माणसांनी मनावर घेतलं तर नवख्याचं भलं होतं, नाहीतर दिवसभर त्याला खुर्चीही मिळत नाही.

मालिका नको असेल तरी इथे कामाला तोटा नाही. लग्नं, खारघर-पनवेलकडच्या बिल्डरांचे सॅम्पल फ्लॅट, क्लासेसचे व्हिडिओ, इस्पितळांच्या जाहिराती. आणि आगरी-कोळी गाणी! यावर नाक मुरडणारी मुलं मला दर वर्षी भेटतात. अहो, हा आपल्या पट्ट्यातला स्वतःच्या पायावर उभा असलेला व्यवसाय आहे. गाणं लिहिणारा गावातला, गाणारा शेजारच्या गावातला, शूटिंग कोळीवाड्यात नाहीतर जेट्टीवर, आणि हळदीच्या मोसमात ते गाणं उरणपासून भिवंडीपर्यंत प्रत्येक मांडवात वाजतं. अशा एका शूटिंगवर प्लेबॅकवर ओठ कसे जुळवून घ्यायचे, नाचणाऱ्या वीस माणसांना एका दिवसात किती ठिकाणी फिरवायचं, ऊन सरकलं की काय करायचं, हे सगळं एकदम शिकायला मिळतं. गाण्याचा मालक समोर उभा असतो, त्याला त्याच आठवड्यात एडिट हवं असतं. एवढी चांगली कार्यशाळा कॉलेजला परवडणार नाही.

काम लवकर मिळवायचं असेल तर माझा सल्ला: सगळे ‘डिरेक्शन’च्या रांगेत उभे असताना तिने साउंड, प्रॉडक्शन किंवा एडिट असिस्टंट यांतलं एक नीट शिकावं. एडिट असिस्टंटचंच उदाहरण घेते. दोन सारख्या कॅमेऱ्यांवर शूटिंग झालं की दोन्ही कार्डांवर पहिल्या फाइलचं नाव सी०००१ असू शकतं. घाईत कुणी दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली, संगणकाने ‘बदलू का?’ विचारलं आणि बोट ‘हो’वर पडलं, की एका कॅमेऱ्याचा अख्खा दिवस गेला. म्हणून तारीख, कॅमेरा, कार्ड अशा क्रमाने प्रत्येक कार्डाचं वेगळं फोल्डर करायचं. प्रत दोन डिस्कवर घ्यायची, दोन्हींवरचा आकार आणि फाइलींची संख्या कार्डाशी ताडून बघायची, मधली-शेवटची एखादी क्लिप चालवून बघायची, आणि मगच कार्ड फॉरमॅट. जागेचाही अंदाज हवा. १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने, शूट केलं तर तासाला साधारण ४५ जीबी लागतात, हे तोंडपाठ असलेल्या मुलीला कुठलाही एडिटर लगेच ठेवून घेईल. मी तरी ठेवीन.

फिल्म कशावर करायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. ठाण्या-नवी मुंबईच्या कॉलेजांत दर वर्षी पाम बीचजवळचे फ्लेमिंगो येतातच, एक वृद्धाश्रम येतो, एक मोबाइलच्या व्यसनाची फिल्म येते आणि शेवटी काळ्या पडद्यावर संदेश. फ्लेमिंगोंवर माझा राग नाही, पण लांबून झूम करून पक्षी टिपण्यात मुलं माणसांशी बोलायचं टाळतात. त्यापेक्षा वाशीच्या एपीएमसीत पहाटे कांद्याच्या गोणी वाहणारा एक माथाडी कामगार घ्या. वागळे इस्टेटमधला अजून सुरू असलेला एखादा जुना लेथ. सिडकोच्या संपादनात जमीन गेलेल्या घरातल्या आजी, ज्या आता टॉवरच्या सावलीत वाल निवडत बसतात. आधी आठवडाभर कॅमेऱ्याशिवाय जायचं, बसायचं, चहा प्यायचा. परवानगीचंही बघायला हवं. रेल्वेच्या हद्दीत, फलाटावर, परवानगीशिवाय शूटिंग करू नका. ड्रोन तर कुणी दिला तरी आधी त्या जागेचा नकाशावरचा झोन, म्हणजे तिथे उडवायला मुभा आहे की बंदी, ते तपासा, आता नवी मुंबईत विमानतळ आहे.

आणि नाटकवाल्यांना चिकटून राहायला सांगा. कॉलेजची एकांकिका बसत असेल तिथे तिने प्रकाशयोजना किंवा संगीत चालवायला बसावं. मराठी मालिका-सिनेमातले कितीतरी लेखक, नट, दिग्दर्शक एकांकिकांमधूनच आलेत. तालमीत बसलं की संवाद कुठे लांबतो, नट कुठे अडतो हे कानाला कळायला लागतं. नुसता कॅमेरा शिकलेल्या मुलांना नेमकं हेच कळत नाही. सिनेमे बघायला प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी आहे, १९६८ पासूनची. मुंबईत माहितीपट-लघुपटांचा मिफ महोत्सव भरतो, तिथे विद्यार्थी म्हणून नाव नोंदवून आठवडाभर फुकट किंवा थोडक्या पैशात बघता येण्याइतकं असतं.

‘मुलीच्या जातीला’ म्हणालात. माझ्याच जातीला, म्हणून सांगते. काम अवघड आहे, पण मुलींना न जमणारं नाही. एडिट, प्रॉडक्शन, दिग्दर्शनाचे असिस्टंट, वेशभूषा यांत मुली भरपूर आहेत. कॅमेरा आणि लाइटमध्ये अजून कमी आहेत, वाढताहेत. तुम्ही तिला घरी बसवण्यापेक्षा तिने कामावर जाण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात हे शिकवा: पॅकअपला उशीर झाला तर गाडी सोडायला येईल का, सेटवर बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, आणि तक्रार समिती कुणाची. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि सेट हीसुद्धा कामाचीच जागा आहे. ज्या प्रॉडक्शनला या प्रश्नांचा राग येतो, तिथे जाऊ नये.

पदवीनंतर पुण्याची एफटीआयआय डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेली ही सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था. दिग्दर्शन, छायाचित्रण, एडिटिंग, साउंड यांचे तिथले तीन वर्षांचे अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत आणि पदवी साधारणपणे कुठल्याही विषयातली चालते; साउंडसाठी बारावीला फिजिक्स लागतं का, ते मात्र माहितीपत्रकात बघून घ्या. म्हणजे तुमच्या घरात ‘आधी बी.कॉम. कर’ म्हणणारं कुणी असेल, तर तो पक्षही अगदीच हरलेला नाही! प्रवेश परीक्षा अवघड, जागा थोड्या. पण जी मुलगी तीन वर्षं ठाण्यात स्वतःच्या चार-पाच लहान फिल्म करून, कापून, लोकांना दाखवून तिथे मुलाखतीला बसेल, तिच्याकडे बोलायला काहीतरी असेल.

राहिला कॅमेरा. आत्ता घेऊ नका. फोन पुरे. कॅमेरा दर दोन-तीन वर्षांनी जुना होतो, आणि लागेल तेव्हा अंधेरीत दिवसाच्या भाड्याने मिळतो. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं, एवढंच. त्या पैशात एक बऱ्यापैकी लॅपटॉप घ्या, १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती तीन वर्षं सहज पुरेल, चोरीचं सॉफ्टवेअर टाकू देऊ नका. त्याशिवाय एक छोटा साउंड रेकॉर्डर, कॉलर माइक, दणकट ट्रायपॉड आणि दोन हार्ड डिस्क. कॅमेऱ्याचा विषय दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत काढा. तोवर तिलाच कळलेलं असेल, तिला कॅमेरा हवाय की आणखी एक माइक.